टेकडीवर चढलेला थ्रेशर

मी एक जुना थ्रेशर आहे. जुना म्हणालो, भंगार म्हणालो नाही. या दोन शब्दांत जो गल्लत करतो त्याच्याशी माझं जमत नाही, आधीच सांगून ठेवतो.

मित्रांनो, थ्रेशर म्हणजे मळणी यंत्र. कापलेल्या गव्हाची पेंढी माझ्या तोंडात सरकवायची, खालून दाणे घ्यायचे, बाजूनं भुसा. सोपं वाटतं ना? मग एक पेंढी घ्या, तळहातावर ओंब्या चोळा, फुंकर मारा, आणि दिवसभरात किती पोती भरली ते मला येऊन सांगा. मी थांबतो. मला कुठं जायचंय?

माझ्या पोटात एक लोखंडी ड्रम आहे. त्याच्यावर बोटाएवढे दाते. ड्रम फिरला की पेंढी आत ओढली जाते आणि ओंब्या फुटतात. ड्रमखाली चाळणी हलते, तिच्यातून दाणे खाली पडतात. दाण्यांबरोबर भुसाही घुसतोच, आगाऊ असतो तो. त्याला उडवून लावायला तळाशी एक पंखा आहे. ड्रम गरगर, चाळणी लटपट, पंखा सुसाट. माझ्यात शांत बसणारा असा एकही भाग नाही.

फक्त एक गोष्ट आहे. मला स्वतःची ताकद नाही. कुणीतरी फिरवावं लागतं. पण त्यात लाज कसली? मला फिरवणारे आले आणि गेले. मी आहे.

माझा जन्म रस्त्याकडेच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. वर पत्रा, खाली कोळशानं काळी झालेली जमीन, आणि मध्ये एक मिस्त्री. त्याच्या चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली होती. कागदावर नकाशा वगैरे काही नाही. खडूनं जमिनीवर मला काढलं आणि त्या रेघांवर लोखंड कापून ठेवत गेला. मला घ्यायला आलेले तात्या रोज येऊन बघायचे. तात्या म्हणजे माझे मालक. उंच, काटकुळे, आणि बोलणं इतकं कमी की शब्दाला पैसे पडतात असं वाटावं.

पण एक दिवस ते बोलले. माझं तोंड, म्हणजे पेंढी सरकवायची पत्र्याची पन्हळ, बघून म्हणाले, "एवढी लांब कशाला? पेंढी सरकवायला वेळ जाईल."

मिस्त्री म्हणाला, "हात पुढं करा."

तात्यांनी केला. मिस्त्रीनं खांद्यापासून बोटांपर्यंत टेप लावला, वर एक वीत धरली आणि म्हणाला, "पन्हळ एवढी आहे. आता घाला हात आत. दात्यांना लावून दाखवा."

हात पोचेना.

"वेळ उद्या भरून काढता येतो, तात्या. बोटं कुठून आणणार?"

तात्यांनी मान हलवली. तेव्हापासून आजपर्यंत मी शेकडो शेतं मळली आणि एकाही माणसाचं एक नखसुद्धा घेतलं नाही. माझ्याबरोबरच्या काही थ्रेशरना हे सांगता येत नाही. त्यांच्या मालकांनी पन्हळ कापून आखूड केली होती. लवकर व्हावं म्हणून.

शेवटच्या दिवशी मिस्त्रीनं पंख्याचा पट्टा चढवला. ड्रमच्या चाकावरून पंख्याच्या चाकावर जाणारा चामड्याचा चपटा पट्टा. तो सरळ नाही चढवला. मध्ये एक पीळ दिला, आठाच्या आकड्यासारखा. म्हणाला, "हा पीळ कधी काढायचा नाही," आणि का काढायचा नाही ते तात्यांना नीट समजावून सांगितलं. तात्यांना कळलं. कळल्यावर त्यांनी ते कारण डोक्यात ठेवलं आणि वरून कुलूप लावलं. पुढं कुणीही विचारलं तरी एकच उत्तर. "पीळ राहू द्या." का? "राहू द्या."

मला घरी न्यायला बैलगाडी आली. तात्यांचे दोन बैल. तोपर्यंत मळणी बैलच करायचे. खळ्यावर पेंढ्या पसरायच्या आणि बैलांनी त्यावरून दिवसभर गोल गोल फिरायचं. म्हणजे ज्यांची नोकरी मी खाल्ली तेच मला ओढत घेऊन आले. वाटेत चढ लागला तेव्हा डावा बैल थांबला आणि मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. 'आता तू फिर,' असं काहीतरी. मला वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. पण पुढच्या हंगामात तो झाडाखाली बसून रवंथ करत माझं काम बघायचा तेव्हा त्याचा चेहरा काही दुःखी वाटला नाही मला.

मला पहिल्यांदा फिरवलं ते डिझेल इंजिननं. काय तो गडी! हँडल मारून सुरू करायचा. मनात नसलं तर हँडल उलटं फेकायचा. सुरू झाला की डुगडुग डुगडुग, काळा धूर, आणि शेजारी उभ्या माणसाला काय म्हणतोय ते कळायची सोय नाही. आमचं दोघांचं जमायचं. तात्या इंजिनाजवळ उभे राहून माझा आवाज ऐकायचे. एवढ्या गोंगाटात त्यांना माझं बेअरिंग कोरडं पडलेलं कळायचं. डबा घेऊन यायचे, दोन थेंब तेल सोडायचे, परत आपल्या जागी. एक शब्द नाही.

बैलांना ज्या खळ्याला चार दिवस लागायचे ते आम्ही अर्ध्या दिवसात उरकायचो. लोक आदल्या दिवशीच येऊन नंबर लावायचे. "तात्या, उद्या आमच्याकडं," "तात्या, आधी आमच्याकडं, पाहुणे येणार आहेत." मी कुणाच्या दारात उभा आहे त्यावरून लोक ठरवायचे, आज कुणाचा दिवस चांगला. गर्व होता मला. होता काय, आहे.

फक्त एक गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. त्या इंजिनशेजारी हंगामामागून हंगाम उभं राहून तात्यांचे कान जात होते. तेव्हा कानात कापूस घालायचंही कुणाला सुचलं नाही. आधी चिमण्यांचा आवाज गेला. मग माणसांचा. शेवटी माझा.

मग ट्रॅक्टर आला. तो आणला मामांनी. मामा म्हणजे तात्यांच्या बायकोचे भाऊ; घरच्या यंत्रांचा व्यवहार तेच बघायचे. तात्या जितके गप्प तितके मामा बडबडे. नवीन यंत्र बाजारात आलं की आधी मामांच्या स्वप्नात येतं, मग दारात.

"दाजी, ते इंजिन आता पोरांना खेळायला द्या," मामा ट्रॅक्टरवरूनच ओरडले. "हा बघा, पाठीमागून दांडा फिरतो. जोडला की झालं. ओढून नेणार पण हाच, फिरवणार पण हाच!"

खरं होतं ते. ट्रॅक्टर मला ओढत शेतात न्यायचा आणि तिथंच मागच्या फिरत्या दांड्यानं मला चालवायचा. मी एका दिवसात तीन-तीन गावं फिरलो. ते माझे सगळ्यात धावपळीचे दिवस. रंग उडाला, पत्र्याला दोन ठिगळं लागली, पण दाणा कसा यायचा! मोत्यासारखा.

आणि मग तेच मामा हार्वेस्टर घेऊन आले.

हार्वेस्टरबद्दल मी वाईट बोलणार नाही. मला राग लवकर येतो पण खोटं बोलवत नाही. तो उभ्या पिकात घुसतो, कापतो, मळतो, दाणे टाकीत भरतो. सगळं एकटाच. मला आणि दहा माणसांना जे दिवसभर लागायचं ते तो चहा थंड व्हायच्या आत करतो. कामाला वाघ आहे.

मला शेडमध्ये ढकललं. सहा वर्षं.

पहिल्या वर्षी धूळ बसली. दुसऱ्या वर्षी माझ्या पन्हळीत एक कोंबडी अंडी घालायला लागली. तिसऱ्या वर्षी कुणीतरी माझ्यावर फाटक्या गोण्या टाकल्या, चौथ्या वर्षी मोडकी खुर्ची. मित्रांनो, ज्यानं शेकडो घरांचं धान्य काढलं त्याच्या डोक्यावर मोडकी खुर्ची! गंज येतो तेव्हा दुखत नाही. खाज सुटते. आणि खाजवायला हात नसतात.

या सहा वर्षांत तात्यांची मुलगी मोठी झाली. तिला घरात सगळे ठिणगी म्हणतात. का, ते तिच्याशी दोन मिनिटं वाद घालून बघा. तात्यांच्या वाट्याचंही तीच बोलते. मामांचा हार्वेस्टर दोन हंगाम तिनं चालवला. तिथंच तिला दिसलं, की हा वाघ टेकडीपाशी येऊन मांजर होतो. टेकडीवर पायऱ्यांसारखी छोटी छोटी शेतं आहेत. तिथं जायची वाट एका गाडीपुरती. हार्वेस्टर वळायलाच अख्खं एक शेत खाईल. म्हणून टेकडीवरची माणसं अजूनही पेंढ्या ओंडक्यावर आपटून मळत होती. या काळात! हातानं!

त्यांच्यात एक काकू आहेत. टेकडीवरच्या सगळ्या घरांना पेरणीचं बियाणं या काकू देतात. त्यांचा दाणा फुटलेला चालत नाही, दुसऱ्या गव्हाची भेसळ चालत नाही, कचरा तर नाहीच नाही. काकूंनी मान हलवली की टेकडी हलते. ठिणगी त्यांना म्हणाली, "काकू, या वर्षी आपटू नका. मी आमचा थ्रेशर बाहेर काढते."

"तो कोंबडीवाला?" काकू म्हणाल्या.

कोंबडीवाला! ऐका जरा.

घरी येऊन ठिणगीनं मामांना सांगितलं. मामा हसलेच. "अगं, त्याच्यासाठी मी सोमवारी भंगारवाल्याला बोलावलंय. शेड रिकामी हवी. हार्वेस्टर बाहेर उभा असतो, त्याला ऊन लागतं."

"त्याला ऊन लागतं आणि याला गंज लागला तरी चालतो?"

"भाची आहेस की वकील?"

"मामा, मला हे काम करायचंय. टेकडीवर अठरा घरं आहेत. दर वर्षी मळणी करीन. तुमच्या हार्वेस्टरवर पगारी ड्रायव्हर म्हणून नाही, माझं मशीन, माझं काम."

मामांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "बरं. रविवारी काकूंचा गहू काढून दाखव. स्वच्छ निघाला तर शेड तुझी, मशीन तुझं, मी तोंड बंद ठेवतो. नाही निघाला तर सोमवारी भंगारवाला."

"तोंड बंद ठेवाल? नक्की?"

"तेवढं सोडून."

तर असं ठरलं. ठिणगीनं मला बाहेर काढलं. खुर्ची फेकली, कोंबडीची हात जोडून माफी मागितली, आणि तीन दिवस मला घासलं. बेअरिंगं बदलली. दाते मोजले, दोन वाकले होते ते सरळ केले. विहिरीवर नुकताच सौर पंप बसला होता, त्यामुळं तिथली जुनी विजेची मोटार रिकामी झाली होती. ती माझ्या अंगावर बसवायचं ठरलं. बैल बघितले, इंजिन बघितलं, ट्रॅक्टर बघितला. आता वीज. मी तयार होतो.

मोटार बसवायला मामा आले. मदत करायची हौस त्यांना खरीच आहे, त्यात काही खोट नाही. शनिवारी तात्या काकूंबरोबर पेंढ्या बांधायला टेकडीवर गेले होते, ठिणगी गोण्या आणायला बाजारात. मामा आणि मी, दोघंच. मामांनी माझ्या पंख्याचा तो चपटा, पीळ घातलेला पट्टा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"अरे देवा! दाजींचा पीळ अजून आहेच का?"

त्यांनी तो पट्टा काढला. त्याची चाकंही काढली आणि फाटकापाशी भंगाराच्या ढिगावर फेकली. नवी खाचेची चाकं बसवली आणि त्यावर नवा कोरा व्ही-बेल्ट चढवला. व्ही-बेल्टला पीळ देता येत नाही, तो सरळच बसतो. चांगला असतो तो, घसरत नाही. वरून सगळ्या पट्ट्यांवर लोखंडी झाकण लावलं, कुणाचा सदरा अडकू नये म्हणून. तेही चांगलंच केलं. सगळं चांगलं केलं, फक्त पीळ काढला.

मी ओरडत होतो, मित्रांनो. माझं तोंड एवढं मोठं आहे, पण त्यातून फक्त गहू जातो.

रविवारी सकाळी काकूंचा गहू आला. मागोमाग टेकडीवरची चार-पाच माणसं, बघायला. तात्या बाजेवर बसले. ठिणगीनं बटण दाबलं. मोटारीला ना हँडल, ना धूर. नुसतं गुंSS करून मी सुरू! इतक्या वर्षांनी ड्रम फिरला, आणि पहिली पेंढी आत आली तेव्हा मला काय वाटलं ते सांगायला माझ्याकडं शब्द नाहीत. पण खाली काय पडलं ते बघून ते वाटणं गेलंच.

दाण्यांत भुसा. अर्धा दाणा, अर्धा भुसा.

ठिणगीनं पेंढ्या हळू सोडल्या. तेच. चाळणी बदलली. तेच. पंख्याची झडप पूर्ण उघडली. तेच. टेकडीवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. काकूंनी ओंजळभर गहू उचलला आणि परत खाली सोडला. त्यापेक्षा शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"म्हातारं झालंय गं ते," मामा म्हणाले. ते पंख्यासमोरच्या सावलीत आरामात उभे होते. "त्याचा काय दोष? वयच झालं."

वय? माझं वय? अरे, तुझा व्ही-बेल्ट!

ठिणगीनं मला एक लाथ मारली. मी रागावलो नाही. तिच्या जागी असतो तर मीही मारली असती. काकू गोण्या गोळा करायला लागल्या. "जाऊ दे बाळ. आम्ही आपटून घेऊ. इतकी वर्षं आपटलंच की."

"काकू, थांबा. पाच मिनिटं."

"बियाणं आहे गं. खेळ नाही."

ठिणगीनं मूठभर भुसा घेतला आणि चालत्या पंख्यासमोर सोडला. तो कुंपणापर्यंत उडायला हवा होता. तिच्याच पायांवर पडला. ती बघतच राहिली. पंखा फिरतोय, जोरात फिरतोय, पण वारा असा की मेणबत्तीसुद्धा विझू नये.

तेवढ्यात तात्या बाजेवरून उठले.

त्यांना ऐकू काहीच येत नव्हतं. ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या पत्र्यावर तळहात ठेवला. आधी वर, ड्रमपाशी. मग मध्ये, चाळणीपाशी. मग खाली वाकून पंख्यापाशी. तिथं हात बराच वेळ राहिला. मला त्यांच्या हातातला घट्टा न् घट्टा ओळखीचा होता. माझ्यात जो धडाका तिथं असायचा तो त्यांना लागेना. त्यांनी दुसरा हात वर केला. बंद करा.

मी थांबलो.

"झाकण काढा," तात्या म्हणाले.

ठिणगीनं काढलं. तात्यांनी सरळ पट्टा बघितला. मग मामांकडं बघितलं.

"पीळ कुणी काढला?"

"मी काढला, दाजी," मामा म्हणाले, आणि हातवारे करून दाखवलं. "नवा पट्टा आहे. याला पीळ लागत नाही."

"लागतो."

"कशाला पण?"

"लागतो."

आणि इथं ठिणगी पेटली. ती तात्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, त्यांना तिचे ओठ दिसतील अशी. "तात्या, नुसतं लागतो म्हणू नका! जन्मभर हेच! राहू द्या, लागतो, असू द्या! मला माझं काम गमवायची वेळ आलीये आणि तुम्ही अजून कारण देत नाही! का लागतो? सांगा ना, का?"

तात्यांना आवाज आला नसेल, पण तिचा चेहरा दिसला. ओठ हलले त्यांचे. मला वाटलं, मिस्त्रीनं सांगितलेलं ते कारण आता गंजून गेलं असणार. पण नाही. त्यांनी ठिणगीचा हात धरला, तिला खाली बसवलं आणि माझा पंखा हातानं हळूहळू फिरवून दाखवला.

"पातं बघ," म्हणाले. "टोक वाकलंय. कुठल्या बाजूला?"

ठिणगीनं बघितलं. पंख्याची पाती सपाट नाहीत. प्रत्येकाचं टोक एका बाजूला वळवलेलं आहे, वारा कोरून फेकायला. तिनं ड्रम कुठं फिरतो ते बघितलं, पंखा कुठं फिरतो ते बघितलं, आणि एकदम उभी राहिली.

"पळी उलटी धरलीये! मामा, तुम्ही पळी उलटी धरून तेल वाढताय! पट्टा सरळ लावला म्हणून पंखा ड्रमच्याच दिशेनं फिरतोय. त्याला उलटं फिरायला हवं. वारा येतोय, पण पात्यांच्या पाठीनं. पीळ दिशा बदलायला होता!"

तात्यांनी मान हलवली. आणि मग तात्या चक्क पुढं बोलले. "वारा निम्मा होतो. मिस्त्रीनं सांगितलं होतं."

"मग एवढे दिवस तुम्ही का नाही सांगितलं?" मामा हातवाऱ्यांनी विचारत होते.

तात्यांनी विचार केला. "पीळ कुणी काढलाच नव्हता," म्हणाले.

मामांचा चेहरा उतरला, पण डोकं थांबेना. "मग सोपं आहे. मोटारीच्या दोन वायरी अदलाबदल करतो. उलटी फिरेल."

"मग ड्रमही उलटा फिरेल, मामा. पेंढी आत जायच्या ऐवजी तुमच्या तोंडावर येईल."

"तेवढं चालेल," काकू म्हणाल्या.

टेकडीवरची माणसं हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

मग धावपळ. ठिणगी आणि मामा भंगाराच्या ढिगात शिरले. चाकं मिळाली. पट्टाही मिळाला, पण त्याचा जोड उसवला होता. मामा म्हणाले, नवीन आणायला तालुक्याला जावं लागेल. काकूंनी तोपर्यंत गोणी शिवायचं दाभण काढलं होतं. "द्या इकडं. चामड्याचा असला म्हणून काय झालं." त्यांनी तिथंच मांडी घालून जोड असा शिवला की मिस्त्रीनं बघितला असता तर चष्मा काढून नमस्कार केला असता. मामांनी स्वतःच्या हातानं खाचेची चाकं उतरवली आणि जुनी चढवली. पट्टा चढवला. पीळ तात्यांनी दिला. झाकण परत बसलं. आणि मामा दमून, घाम पुसत, पुन्हा त्या आपल्या सावलीच्या जागी जाऊन उभे राहिले.

ठिणगीनं बटण दाबलं.

मित्रांनो, मी असा वारा सोडला! आत सहा वर्षांची राहिलेली धूळ, सकाळचा भुसा, कुठल्या तरी कोपऱ्यात लपलेली कोंबडीची चार पिसं, सगळं एका झटक्यात बाहेर. आणि समोर मामा. पांढरे झाले. भुवया, मिशा, सदरा, सगळं पांढरं. डोळे तेवढे दिसत होते.

"आहे की वारा," मामा भुशातून म्हणाले.

खाली दाणा पडायला लागला. नुसता दाणा. काकूंनी ओंजळ धरली. एक एक दाणा बोटानं उलटा केला, फुटका शोधला. नाही मिळाला. मग सवयीनं त्यांनी फुंकर मारली. काहीच उडालं नाही. त्यांनी परत मारली. मग ठिणगीकडं बघून म्हणाल्या, "फुंकायला काही ठेवलंच नाहीस की गं."

ठिणगीनं पाठ फिरवून पेंढ्या उचलायला सुरुवात केली. पण मला तिचा चेहरा दिसत होता आणि त्यावर काय होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते आमच्या दोघांतलं.

सोमवारी भंगारवाला आला. मामांनी त्याला चहा पाजला आणि मोडकी खुर्ची देऊन पाठवलं.

पुढचे दोन दिवस मात्र वेगळंच चाललं होतं. ठिणगीनं पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक कुंचला आणला. तात्यांना माझ्या एकेका भागापाशी बसवलं आणि प्रत्येक ठिकाणी हातानं एकच प्रश्न विचारला. का? आणि तात्या सांगत गेले. थांबत, आठवत, पण सांगत गेले. ही चाळणी तिरकी का. या बेअरिंगला पातळ तेल का, त्याला जाड का. पेंढी ओली असली तर ड्रम हळू का. एवढं बोललेले तात्या मी कधी बघितले नव्हते. संध्याकाळी त्यांचा घसा बसला. आणि ठिणगीनं प्रत्येक कारण माझ्या अंगावर त्या त्या जागी लिहिलं. तिचं अक्षर वाकडंतिकडं आहे, 'कारण' मधला ण नेहमी पडलेला. पण बाजारातल्या कुठल्याही नव्या कोऱ्या यंत्राच्या अंगावर एवढी कारणं लिहिलेली नाहीत. दिशेचे बाण असतात, कंपनीचं नाव असतं. का, ते नसतं.

आता मी टेकडीवर आहे. इथं विजेची मोठी लाईन नाही, म्हणून मामांचा ट्रॅक्टर मला ओढत वर घेऊन आला आणि तोच मला फिरवतो. त्या अरुंद वाटेनं आम्ही चढलो तेव्हा दोन्ही बाजूंनी लोक उभे होते. काकूंचं झालं, अजून सतरा घरं बाकी आहेत. उद्या मला कोण फिरवेल, माहीत नाही. मामा म्हणतात बॅटरीवरचे ट्रॅक्टर येणार आहेत. येऊ दे. मामांच्या स्वप्नात आलेत म्हणजे दारात येतीलच. माझी ना नाही. माझे दाते शाबूत आहेत.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. नवीन आणा. जरूर आणा. यंत्राला तेल पाजा, झाकणं लावा, डोक्यावर मोडक्या खुर्च्या टाकू नका, हे तर आहेच. पण तुमच्या घरात, वर्कशॉपात, शेतात एखादा गप्प माणूस असेल, ज्याला सगळं येतं आणि जो काहीच बोलत नाही, त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला का ते विचारा. आज विचारा. तो 'राहू दे' म्हणेल, तरी उठू नका. आणि त्याला ऐकू येत नसेल तर ओरडू नका. त्याचा हात धरा आणि त्याला कामापाशी घेऊन जा.

तो दाखवेल.